खेळाडूला थांबवण्याचा अधिकार फिजिओला द्या : क्रीडा संघटना आणि स्पर्धा संयोजकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील कबड्डी, खो-खो व कुस्ती संघटनांचे पदाधिकारी,
शालेय क्रीडा स्पर्धा घेणारे सर्व जिल्हा क्रीडा अधिकारी,
आणि गावोगाव स्पर्धा भरवणारी मंडळे

स. न. वि. वि.

पुढच्या महिन्यात होणाऱ्या एका जिल्हास्तरीय कबड्डी स्पर्धेच्या संयोजकांनी यंदा मैदानावर फिजिओ ठेवायचा नाही असं ठरवलं आहे. मला निरोप फोनवर आला. “मॅडम, रुग्णवाहिका सांगितलेली आहे. प्रथमोपचाराची पेटी आहे. स्प्रे मारायला आपली पोरं आहेत. मग वेगळा माणूस कशाला?” त्या संयोजकांचं नाव मी इथे घेणार नाही, कारण असं ठरवणारे ते एकटे नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंदाजपत्रकात मंडप, प्रकाशझोत, मॅट, पंचांचं मानधन, निवेदक, ट्रॉफ्या, पाहुण्यांचे सत्कार या सगळ्याला जागा असते. दुखापतीला नसते. असली, तरी खर्च वाढला की पहिली कात्री तिथेच लागते. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी क्रीडा फिजिओथेरपिस्ट आहे. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कबड्डी आणि कुस्तीच्या मुलामुलींबरोबर काम करते. कॉलेजात असताना खो-खो खेळले, त्यामुळे मैदान नवीन नाही. सकाळी दवाखाना, संध्याकाळी मैदान किंवा तालीम असा माझा दिवस असतो. दवाखान्यात येणारा खेळाडू बहुतेक वेळा उशिरा आलेला असतो. गुडघा काही महिन्यांपूर्वी फिरलेला, मध्ये एक-दोन स्पर्धा तशाच खेळून झालेल्या, हाडवैद्याकडून पट्टा बांधून झालेला, आणि आता जिना उतरताना पाय सटकतो म्हणून आलेला. एकोणीस-वीस वर्षांचं पोर. एमआरआयचा रिपोर्ट टेबलावर असतो आणि आई-वडील विचारतात, “भरतीपर्यंत बरा होईल ना?” या प्रश्नाला उत्तर मला द्यावं लागतं. ज्या मैदानावर त्याला पुन्हा उभं केलं गेलं, तिथलं कुणीही त्या वेळी समोर नसतं.

फिजिओ म्हणजे स्प्रे मारणारा, पट्टी बांधणारा माणूस, हा समज आधी बाजूला ठेवू या. मैदानावरच्या या कामाला अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनर म्हणतात. जिममधल्या ट्रेनरशी त्याचा संबंध नाही. एके काळी तिथेही हा माणूस टॉवेल, बादली आणि चिकटपट्टीचा रोल घेऊन कोपऱ्यात उभा असायचा. 1950 मध्ये कॅन्सस सिटीत या लोकांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. 1990 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांचं काम आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्य केलं. आज तिथे या कामात नव्याने येणाऱ्याला पदव्युत्तर शिक्षण लागतं, आणि ही माणसं बऱ्याच हायस्कूलांतही नेमलेली असतात. हंगामाआधी खेळाडूंची तपासणी करणं, दुखापत होऊ नये म्हणून व्यायाम बसवणं, मैदानावर पहिली तपासणी आणि तातडीचे उपचार, पुढचं पुनर्वसन, आणि खेळाडू परत कधी उतरेल हे डॉक्टरांबरोबर ठरवणं, इतकं सगळं त्यांच्याकडे असतं.

आपल्याकडे हा प्रवास क्रिकेटमध्ये झाला. डॉ. अली इराणी 1987 पासून जवळपास दशकभर भारतीय संघाचे फिजिओ होते. आज त्याच संघाबरोबर फिजिओ वेगळा, ताकद आणि तंदुरुस्तीचा प्रशिक्षक वेगळा, मालिश करणारा वेगळा. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर तिथल्या संघांनाही फिजिओ मिळाले. पण टीव्हीवर ज्याच्या घोट्याला तज्ज्ञ माणूस टेप लावतो, तोच खेळाडू हंगाम संपल्यावर आपल्या गावच्या मंडळाकडून खेळतो, तेव्हा त्याच्या वाट्याला स्प्रेची बाटली येते. त्याच्यासोबत खेळणाऱ्या चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या मुलांना तर तीही कधी कधी मिळत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली स्प्रेचीच. पकड करताना कोपऱ्यातल्या मुलाचा पाय मॅटच्या सांध्यात अडकतो. अंग फिरतं, पाय तिथेच राहतो. तो गुडघा धरून खाली बसतो. पंच शिट्टी वाजवतात, दोन पोरं बाटली घेऊन धावतात, गुडघ्यावर पांढरा थर दिसेपर्यंत फवारा मारतात, कुणीतरी पाय धरून दोन झटके देतं, निवेदक टाळ्या मागतो आणि मुलगा लंगडत उठतो. हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या फवाऱ्याने कातडी बधिर होते. आतल्या लिगामेंटचं, म्हणजे हाडांना जोडून धरणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचं, काय झालं ते मात्र कुणी पाहिलेलंच नसतं.

त्या वेळी मला फक्त दोन मिनिटं हवी असतात. गुडघा वीस-तीस अंश वाकवायचा, एका हाताने मांडी पक्की धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. धड गुडघ्यात नडगी जराशी येते आणि खटकन थांबते. एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारं गुडघ्यातलं लिगामेंट, तुटलेलं असेल तर ते थांबणं हाताला लागतच नाही, नडगी नुसती पुढे सरकत जाते. एकदा ते जाणवलं की विसरता येत नाही. तासाभरात गुडघा रक्ताने फुगतो, मांडीमागचे स्नायू आखडून धरतात, आणि मग हीच तपासणी नीट जमत नाही. म्हणजे सगळ्यात खात्रीचं निदान ज्या काही मिनिटांत होतं, नेमकी तीच मिनिटं आपण स्प्रे आणि टाळ्यांत घालवतो. एसीएल तुटलेला खेळाडू थोड्या वेळाने चालू शकतो, सरळ रेषेत पळूही शकतो. त्याचा पाय वळताना दगा देतो, आणि कबड्डीत तर सगळं वळणंच असतं. तसाच खेळत राहिला की गुडघ्यातली गादीही फाटते. शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला किमान नऊ महिने धरावे लागतात, त्याआधी उतरणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसतं. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीहून पदक आणलं, आणि पुढच्या ऑलिंपिकची त्यांची वाट गुडघ्याच्या दुखापतीने अडवली. तेव्हा उपचार नव्हते, माहिती नव्हती. आज दोन्ही आहे.

दुसरी तक्रार डोक्याच्या माराची, आणि ती मला सर्वांत जास्त घाबरवते. साखळी आत येते तेव्हा दोन पकडपटूंची डोकी एकमेकांवर आदळतात. घोटा धरायला खाली झुकलेल्या मुलाच्या कानशिलावर चढाईपटूचा गुडघा बसतो. तो क्षणभर निपचित पडतो, मग उठतो, मान हलवतो आणि म्हणतो, “काही नाही सर, ठीक आहे.” आणि आपण खेळ पुढे सुरू करतो. फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यात जवळच्या क्षेत्ररक्षणासाठी हेल्मेटशिवाय उभ्या असलेल्या रमण लांबांच्या डोक्याला चेंडू लागला. तेही स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले होते. तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. कवटीच्या आत रक्त साठत असताना माणूस काही वेळ शुद्धीवर, बोलता-चालता असू शकतो. त्या वेळी त्याच्या ‘ठीक आहे’ला काही अर्थ नसतो.

क्रिकेटने 2019 मध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू देण्याचा नियम केला. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेऱ्यात रवींद्र जडेजांच्या हेल्मेटवर चेंडू आदळला तेव्हा त्यांच्या जागी युझवेंद्र चहल उतरले आणि सामनावीर ठरले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा शाळकरी फुटबॉलपटू 2006 मध्ये डोक्याला मार लागूनही पुन्हा मैदानात उतरवला गेला आणि कायमचा अपंग झाला. त्याच्या नावाने 2009 मध्ये कायदा झाला : मेंदूला इजा झाल्याचा नुसता संशय असला तरी खेळाडू बाहेर, आणि आरोग्यसेवेतल्या परवानाधारक व्यक्तीने लेखी दिल्याशिवाय परत नाही. पुढच्या पाच वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. जगभरचा नियम आज साधा आहे, संशय आला त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही. आणि परत येताना सहा पायऱ्यांनी यायचं, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. आपल्या तालुका-जिल्हा स्पर्धांच्या नियमपत्रकांत किती मॅट, किती मिनिटं, बनियनवर क्रमांक किती इंचांचा, हे सगळं लिहिलेलं असतं. डोक्याच्या माराबद्दल एक ओळ मला आजवर वाचायला मिळालेली नाही.

तिसरी, “रुग्णवाहिका आहे ना” या उत्तराची. राज्यात 2014 पासून 108 ची सेवा आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, त्याबद्दल आदरच आहे. पण हृदय अचानक बंद पडलं तर विजेचा झटका मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. छाती दाबणं त्याच जागी, त्याच क्षणी सुरू व्हावं लागतं. 2 जानेवारी 2023 रोजी सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डमार हॅमलिन छातीवर धडक बसून कोसळला. बफेलो संघाचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी मैदानावरच त्याची छाती दाबून त्याला सीपीआर दिला. हॅमलिन वाचला आणि पुढच्याच हंगामात पुन्हा खेळला. त्या लीगमध्ये प्रत्येक सामन्याच्या तासभर आधी दोन्ही बाजूंचे डॉक्टर, ट्रेनर आणि पंच एकत्र जमतात. आणीबाणीत कोण काय करेल, साहित्य कुठे आहे, कोणत्या रुग्णालयात न्यायचं, हे तिथे बोललं जातं.

आपल्याकडे मी एका स्पर्धेत रुग्णवाहिका पाहुण्यांच्या गाड्यांच्या रांगेमागे अडकलेली पाहिली. चालक जागेवर नव्हता. त्या दिवशी सुदैवाने फक्त एक खांदा निखळला होता. ती जागा मोकळी ठेवायची जबाबदारी कुणाची, हे मी स्पर्धा संपल्यावर विचारलं. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे.

चौथी तक्रार उन्हाची आणि कुस्तीतल्या वजनाची. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावण्याच्या चाचणीदरम्यान उमेदवारांचे मृत्यू झाले. ती मुलं कुणाच्या गावची होती, कोणत्या मैदानावर तयारी करत होती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तीच मुलं आपल्या स्पर्धांत खेळतात. उन्हात पळताना मुलगा बडबडायला लागला, झोकांड्या जायला लागला, की त्याच्या शरीराचं तापमान धोक्याच्या वर गेलं असं धरून त्याला तिथल्या तिथे गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं असतं. आधी थंड करायचं, मग रुग्णालयात न्यायचं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. एक मोठा टब, पाणी, बर्फाच्या दोन लाद्या आणि हे करायचं धाडस असलेला प्रशिक्षित माणूस एवढं पुरतं. डोक्यावर ओला रुमाल आणि नाकाला कांदा यांत जाणारी मिनिटं परत येत नाहीत.

गादीवरच्या कुस्तीत वजन उतरवण्यासाठी आदल्या रात्री रेनकोट घालून पळणारी, दिवसभर पाणी न पिता थुंकत बसणारी पोरं मी दर हंगामात बघते. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत याच पद्धतीने वजन कमी करताना तीन महाविद्यालयीन मल्ल काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले. तिथल्या महाविद्यालयीन संघटनेने लगेच रबरी सूट आणि सॉना बंद केले. पुढे हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मल्लाच्या अंगातली चरबी आणि लघवीवरून पाण्याचं प्रमाण मोजून त्याने कोणत्या वजनाखाली जायचं नाही हे ठरवायला सुरुवात झाली. वस्तादांचा अनुभव मी मनापासून मानते. पोराच्या चालीवरून त्याचं काय दुखतं ते ओळखणारे वस्ताद मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडून शिकले आहे. पण अंगातलं पाणी किती कमी झालं, मूत्रपिंडावर काय ताण आला, हे नजरेला दिसत नाही. ते मोजावंच लागतं.

पाचवी तक्रार सामन्याआधीच्या इंजेक्शनची. सुजलेल्या सांध्यात किंवा कमरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन खेळाडूला उतरवलं जातं, आणि हे लपूनछपूनही होत नाही. 1 जानेवारी 2022 पासून स्पर्धेच्या काळात स्टिरॉइडची कोणतीही इंजेक्शनं उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहेत. चांगल्या हेतूने दिलेलं इंजेक्शन खेळाडूला काही वर्षांच्या बंदीपर्यंत नेऊ शकतं. हे त्याला कुणी सांगायचं? प्रशिक्षकाला बहुधा माहीत नसतं, गावच्या डॉक्टरांना तो उद्या खेळणार आहे हे माहीत नसतं.

सहावी तक्रार मुलींच्या वतीने आहे, आणि इथे मी जरा थांबणार आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही विजेतेपदं जिंकली आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. आपण सगळ्यांनी फलक लावले. त्या फलकांखाली सराव करणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचं कोण ऐकतं ते बघा. वळण्या-उडी मारण्याच्या खेळांत मुलींना एसीएलची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. उडीवरून उतरताना गुडघे आत वळतात, ते आठवड्यातून दोन-तीनदा योग्य वॉर्मअप करून सुधारता येतं. फुटबॉलमध्ये अशा ठरवून केलेल्या वॉर्मअपने दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्याचं दिसलं आहे. हे पंचवीस मिनिटांचं काम आहे.

त्याहून अवघड गोष्ट वेगळी. पहाटे उपाशीपोटी पळायचं, शाळा, पुन्हा संध्याकाळी सराव, आणि जेवणात भाकरी-आमटी. मग पाळी लांबते, नंतर थांबते. मुलीला वाटतं बरंच झालं, स्पर्धेत अडचण नाही. प्रत्यक्षात शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असते, आणि काही महिन्यांत नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. नडगी दुखते म्हणून माझ्याकडे आलेल्या मुलीला मी आधी पाळीबद्दल विचारते, आणि कित्येकदा ती पहिल्यांदाच हे कुणाला तरी सांगत असते. पुरुष प्रशिक्षकाला ती सांगणार नाही, आणि त्यात त्या प्रशिक्षकाचा दोष नाही. मांडीला टेप लावायलाही ती कुणा अनोळखी पुरुषासमोर बसणार नाही. मग ती तशीच खेळते. मुलींच्या स्पर्धेत महिला फिजिओ असणं ही सोय नव्हे, गरज आहे.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली तक्रार शेवटी ठेवली आहे.

आपण आम्हाला बोलावता तेव्हाही निर्णय आमच्या हातात ठेवत नाही. मी सांगते, हा आज खेळणार नाही. प्रशिक्षक म्हणतात, फक्त शेवटची पाच मिनिटं. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, प्रेक्षक त्यालाच बघायला आलेत. वडील म्हणतात, बघा जरा टेप लावून. आणि तो मुलगा स्वतः हात जोडतो, “मॅडम, सर्टिफिकेट जाईल.” त्याचं चुकतं असं मी कसं म्हणू? सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत. शेतीवर भागत नाही अशा घरातल्या मुलासाठी तो कागद म्हणजे नोकरी आहे. इतकं पणाला लागलेल्या मुलाकडून स्वतःच्या गुडघ्याबद्दल थंड डोक्याने निर्णय घेण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. प्रशिक्षकाची नोकरी, मंडळाची प्रतिष्ठा निकालावर असते. म्हणून हा निर्णय अशा माणसाकडे हवा, ज्याचं निकालात काही अडकलेलं नाही आणि ज्याचा शब्द मैदानावर कुणी फिरवू शकत नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या स्पर्धांत हाच नियम आहे. खेळाडूच्या वैद्यकीय बाबतीत आणि त्याच्या परतण्याबाबत डॉक्टर आणि ॲथलेटिक ट्रेनर यांचा निर्णय अंतिम, प्रशिक्षक तो बदलू शकत नाही. नुसती हजेरी पुरत नाही हेही तिथेच दिसलं. 2018 च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू सराव करताना उष्माघाताने कोसळला. ट्रेनर हजर होते. त्याचं तापमान मोजलं गेलं नाही, त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवलं गेलं नाही. दोन आठवड्यांनी तो गेला आणि विद्यापीठाने आपली जबाबदारी मान्य केली. म्हणून मी आपल्याकडे नुसती एक खुर्ची मागत नाही.

आमच्या व्यवसायाबद्दलही बोलते, कारण एकतर्फी मागणं बरोबर नाही. फिजिओथेरपीच्या पदवीत दवाखान्यातलं काम उत्तम शिकवतात. मान दुखावलेल्या खेळाडूला चौघांनी एकदम कसं वळवायचं, गर्दीत, आवाजात, अपुऱ्या उजेडात दोन मिनिटांत निर्णय कसा घ्यायचा, हे मैदानावर उभं राहूनच येतं. खेळ माहीत नसलेला फिजिओ फारसा उपयोगाचा नाही. बोनस घेताना कोणत्या पायावर भार येतो, खांबावर सूर मारताना खांदा कोणत्या कोनात असतो, हे त्याला कळलं पाहिजे. आणि तो खेळाडूंना आधीपासून माहीत असला पाहिजे. फायनलच्या दिवशी पहिल्यांदा दिसलेल्या माणसाला कुणी खरं दुखणं सांगत नाही, विशेषतः ते निवड समितीच्या कानावर जाईल अशी भीती असेल तर. खेळाडूने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, ही हमी आम्ही दिलीच पाहिजे आणि आपण ती पाळू दिली पाहिजे.

तेव्हा मागण्या या :

1. जिल्हास्तरापासून वरच्या प्रत्येक स्पर्धेत नोंदणीकृत आणि सीपीआरचं प्रशिक्षण घेतलेला फिजिओ पूर्ण वेळ मैदानाशेजारी असावा. मुलींच्या स्पर्धेत महिला फिजिओ असावी. याशिवाय स्पर्धेला मान्यता देऊ नये.

2. “फिजिओने किंवा डॉक्टरने खेळाडूला बाहेर काढल्यास तो निर्णय अंतिम राहील” हे वाक्य स्पर्धेच्या नियमावलीत छापावं आणि सामन्याआधी पंचांनी दोन्ही प्रशिक्षकांना वाचून दाखवावं.

3. डोक्याला मार लागल्याचा संशय आलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. त्याच्या जागी जादा बदली खेळाडू द्यावा, म्हणजे संघाचं नुकसान होणार नाही.

4. दुखापतीमुळे बाहेर काढलेल्या खेळाडूचं प्रमाणपत्र आणि क्रीडा गुण कमी होणार नाहीत, असा स्पष्ट आदेश क्रीडा विभागाने काढावा. ही एक गोष्ट झाली तरी निम्मा दबाव तिथेच संपेल.

5. प्रत्येक मैदानासाठी एका पानाचा आणीबाणीचा आराखडा लावावा. फोन कोण करेल, फाटक कोण उघडेल, रस्त्यावर कोण उभं राहील, जवळचं रुग्णालय कोणतं. रुग्णवाहिकेची वाट स्पर्धाभर मोकळी ठेवावी. विभागीय आणि राज्य स्पर्धांत विजेचा झटका देणारं एईडी यंत्र असावं, उन्हाळी स्पर्धांत बर्फाच्या पाण्याचा टब असावा.

6. कुस्तीत हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक मल्लाचं किमान वजन ठरवावं, आणि वजन उतरवण्यासाठी रेनकोट, प्लास्टिक घालून धावण्यावर बंदी घालावी.

7. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी बोलून फिजिओथेरपीच्या इंटर्न विद्यार्थ्यांना अनुभवी फिजिओच्या हाताखाली शालेय स्पर्धांवर पाठवण्याची सोय करावी. तालुक्याच्या स्पर्धेला पूर्ण वेळ फिजिओ परवडत नाही, हे मला मान्य आहे. तिथे हाच मार्ग आहे, आणि त्या विद्यार्थ्यांनाही मैदान शिकायला मिळेल.

यातल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मागणीला एक रुपयाही लागत नाही. त्या आजच्या आज मान्य करता येतील. ज्या संयोजकांनी मला फोन केला, त्यांनी यंदा मानधन देऊ नये, मी मानधनाशिवाय येईन. मात्र दुसऱ्या मागणीतलं वाक्य नियमपत्रकात असल्याशिवाय मी त्या खुर्चीवर बसणार नाही.

शालेय स्पर्धांच्या नियोजनाची बैठक प्रत्येक जिल्ह्यात होते. त्या बैठकीत आपल्या भागातल्या एका फिजिओला बोलवा आणि हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. जे जिल्हे बोलावतील तिथे आराखडा तयार करून द्यायला माझ्यासारखे बरेच जण तयार आहेत. उत्तराची वाट बघते आहे, आणि ते उत्तर आपणही उघडपणे द्यावं ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
सांगली जिल्ह्यातील एक क्रीडा फिजिओथेरपिस्ट